साउथएंडला जायचंय? आधी तिथी बघा

पहिल्यांदा आई-बाबांना लंडनजवळच्या साउथएंडला घेऊन गेले तेव्हा मी तिकिटं बघितली, हवामान बघितलं, डबा घेतला, आईच्या गुडघ्यासाठी पट्टा घेतला, आणि पोचल्यावर कळलं की समुद्रच नाहीये. खरंच नाही. हाय स्ट्रीट संपला की एकदम खाली सगळं मोकळं दिसतं, तिथे उभं राहून आई म्हणाली "पाणी कुठंय गं?", आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, चिखलात चोची खुपसणारे पक्षी, आणि त्या सगळ्यावरून सरळ आत गेलेला एक लांबच लांब धक्का, ज्याचं टोक दिसतच नव्हतं. नवरा नाशिकचा, तो म्हणाला छान आहे की, पण आम्ही अलिबागकडची माणसं, आम्हाला शरमच वाटली. बाबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "आज अष्टमी ना गं? मग दुपारी ओहोटीच असणार, तू बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. ॲपवर ट्रेन बघतो, पाऊस बघतो, भरती कोण बघतं? तर हे सगळं त्यासाठीच लिहितेय. लंडनमध्ये राहणारे आपले लोक, किंवा उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा, सासू-सासरे, यांना एक दिवस समुद्रावर न्यायचं असेल तर साउथएंड सगळ्यात सोपं आहे, पण दिवस नीट निवडायला हवा.

आधी हे असं का होतं ते. साउथएंड खुल्या समुद्रावर नाही, थेम्स नदीच्या मुखावर आहे, म्हणजे आपली मोठी खाडी समजा. किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी मैलभरापेक्षा जास्त मागे जातं, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत पाचेक मीटरचा फरक पडतो. त्या पिअरची, म्हणजे त्या लांबच लांब धक्क्याची, गोष्टसुद्धा ह्यातूनच सुरू होते. दोनशे वर्षांपूर्वी लंडनचे लोक हवापालटासाठी बोटीने यायचे, आणि इथे बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, त्यामुळे ती सरळ पुढे मार्गेटला निघून जायची. मग गावकऱ्यांनी ठरवलं की पाणी आपल्याकडे येत नाही तर आपण पाण्याकडे जाऊ. १८२९ मध्ये पायाभरणी झाली, १८३० मध्ये लाकडी धक्क्याचा पहिला तुकडा उघडला, तो ६०० फुटांचाच होता आणि ओहोटीला चिखलातच संपायचा, म्हणून वाढवत वाढवत १८४६ पर्यंत ७००० फुटांवर नेला. म्हणजे नुसता फिरायला बांधलेला धक्का नव्हे हा, आपल्या रेवस-मांडव्याच्या जेटीसारखाच उतारूंसाठी बांधलेला. आताचा लोखंडी पिअर जेम्स ब्रनलीस ह्या इंजिनिअरचा, १८८९ मध्ये लोकांसाठी खुला झाला. लांबी १.३३ मैल, म्हणजे सव्वादोन किलोमीटरला थोडी कमी, आणि फिरायच्या धक्क्यांमध्ये जगात सगळ्यात लांब हाच.

आता तिथीचं. आजोबांचा हिशोब होता, कोकणात बऱ्याच जणांना माहीत असेल, की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या तासाला भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. घरी परत आल्यावर बाबा आणि मी बसून साउथएंडच्या भरतीचं वेळापत्रक आणि कालनिर्णय शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर गंमत म्हणजे तोच हिशोब तिथेही चालतो, फक्त उन्हाळ्यातल्या घड्याळाने त्यात साधारण दीड तास मिळवायचा आणि हिवाळ्यातल्या घड्याळाने अर्धा तास. चंद्र तोच आहे म्हटल्यावर न चालायला काय झालं. बाबा दोन दिवस खुशीत होते.

ह्याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास गेलात तर दुपारी दीड-दोनला पाणी काठोकाठ, आणि सकाळी लवकर आणि संध्याकाळी नुसता चिखल. अष्टमीला गेलात तर आमच्यासारखं, भर दुपारी ओहोटी आणि पाणी येईपर्यंत तुम्ही परतीच्या ट्रेनमध्ये. एकादशीला सकाळी दहाच्या आसपास भरती आणि मग दिवसभर पाणी जातंय जातंय जातंय, ते बघायला जरा उदास वाटतं. माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी दिवस म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी. सकाळी दहा-साडेदहाला पूर्ण ओहोटी, संध्याकाळी चार-साडेचारला भरती, म्हणजे चिखलही बघायला मिळतो, पाणी चढताना पण दिसतं आणि शेवटी काठोकाठ समुद्रही मिळतो, एका तिकिटात तीन खेळ. आम्ही त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलोय तेव्हा संकष्टी किंवा विनायकीच्या आगेमागेचा शनिवार-रविवार बघूनच.

पण हा झाला अंदाज. चुलीवरून उतरवण्याआधी मीठ बघतो तसं निघायच्या आदल्या दिवशी 'साउथएंड टाइड टाइम्स' असं सर्च करून खरी वेळ बघाच, वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतात, वाऱ्यानेही होतात. आणि एक मेख आहे. काही वेळापत्रकं ग्रिनिच वेळेत छापलेली असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा असतो. आमच्या ओळखीतले एक जण ह्यामुळे तासभर आधी पोचून कठड्यावर बसून राहिले होते. तासभर आधी पोचलं तर ठीक आहे, चिखलात चालायला गेलेल्या माणसाने तासाची चूक केली तर ठीक नाही, त्यावर पुढे लिहिते.

जायचं कसं. दोन लाइनी आहेत आणि लोक कायम गोंधळ करतात. एक सीटूसी, फेनचर्च स्ट्रीटवरून सुटते, साउथएंड सेंट्रलला जाते. दुसरी लिव्हरपूल स्ट्रीटवरून, स्ट्रॅटफर्डला थांबून साउथएंड व्हिक्टोरियाला जाते. दोन्हीकडून लंडनपासून साधारण तासभर. वेम्बली, हॅरोकडच्या लोकांनी वेम्बली पार्कवरून ज्युबिली लाइन पकडून सरळ वेस्ट हॅमला उतरायचं आणि तिथून सीटूसी घ्यायची, मध्ये लंडनमध्ये घुसायची गरजच नाही. स्लाऊ, हेजवाल्यांना एलिझाबेथ लाइनने स्ट्रॅटफर्ड सोयीचं. पण दोन्ही सोयीच्या असतील तर सीटूसीच घ्या, कारण शेवटची पंधराएक मिनिटं ट्रेन अगदी पाण्याच्या कडेने जाते, ली, चॉकवेल, वेस्टक्लिफ अशी स्टेशनं लागतात आणि चॉकवेलचा प्लॅटफॉर्म तर बीचला चिकटूनच आहे. जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा. तीन किंवा जास्त मोठी माणसं एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह मिळतं, एक तृतीयांश सूट, ती मात्र तिकीट काढतानाच निवडावी लागते, नंतर मिळत नाही. गाडी घेऊन जाऊ नका. उन्हाच्या रविवारी अख्खं पूर्व लंडन तिथे पार्किंग शोधत असतं.

सेंट्रलवरून हाय स्ट्रीटने आठ-दहा मिनिटं चाललं की पिअर. हाय स्ट्रीट म्हणजे कुठल्याही इंग्लिश गावाचा असतो तसाच, थांबू नका. शेवटी एकदम उतार लागतो, गाव वर टेकाडावर आणि समुद्र खाली, तिथे लिफ्ट आहे, आणि लिफ्ट बंद असली तर वळणावळणाने उतरणारा रस्ता आहे, ज्येष्ठ मंडळींना हळूहळू न्या. उतरण्यापूर्वी वर डावी-उजवीकडे जरा बघून घ्या. उजवीकडे रॉयल टेरेस म्हणून जुन्या घरांची रांग आहे, १८०३-०४ च्या सुमाराला प्रिन्सेस कॅरोलाइन हवापालटाला इथे येऊन राहिली, त्यावरून ते नाव, आणि राजघराण्यातलं कोणी आलं म्हटल्यावर बाकीचे श्रीमंत येणारच, इथूनच ह्या गावाचं रिसॉर्ट झालं. माथेरान-महाबळेश्वरचं गोऱ्या साहेबांमुळे झालं तसंच काहीसं. साउथएंड हे नावसुद्धा साधं आहे, प्रिटलवेल नावाच्या जुन्या गावाचं दक्षिण टोक. आता प्रिटलवेल त्याचं उपनगर झालंय आणि टोकालाच २०२२ मध्ये सिटीचा दर्जा मिळाला.

पिअरचं तिकीट गेटवर. नुसतं चालत जायचं वेगळं, ट्रेनचं वेगळं आणि एकीकडे ट्रेन एकीकडे पायी असंही असतं. हो, पिअरवर ट्रेन आहे, धक्क्याच्या एका कडेने छोटी तीन फुटी रुळांची, १८९० पासून विजेवरची ट्रेन होती आणि आताच्या बॅटरीवर चालतात. त्यातल्या एकीला सर डेव्हिड एमेस ह्यांचं नाव दिलंय, ते इथले खासदार, गावाला सिटी करा म्हणून पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं मागे लागलेले, २०२१ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्यानंतर गावाला तो दर्जा मिळाला. ट्रेनने दहाएक मिनिटं लागतात, चालत अर्धा तास ते चाळीस मिनिटं, आईच्या चालीने तास. हिवाळ्यात काही वार पिअर बंद असतो आणि वारा फार असला तर कधीही बंद ठेवतात, म्हणून सकाळी एकदा वेबसाइट बघूनच घराबाहेर पडा.

माझा सल्ला, जाताना चाला आणि येताना ट्रेन. उलटं लोक जास्त करतात कारण टोकाला जायची घाई असते, पण चतुर्थीच्या हिशोबाने तुम्ही अकराच्या सुमाराला पिअरवर चढता, तेव्हा खाली सगळी खाजण उघडी असते आणि ती वरून चालत बघण्यातच मजा आहे. पायाखालच्या फळ्यांच्या फटींमधून आधी वाळू, मग चिखल, मग चिखलात वळणं घेत गेलेले ओहोळ, मग हिरवट शेवाळं, मग कुठेतरी अर्ध्या-पाऊण मैलानंतर पहिलं पाणी. पाणी चढायला लागलं की आधी ते ओहोळ भरतात, ते वरून स्पष्ट दिसतं. बाबा तिथे कठड्याला टेकून वीस मिनिटं उभे होते, मी म्हटलं चला, तर म्हणाले थांब, बघ पाणी कसं शिरतंय. शिशिरात गेलात तर त्या चिखलावर सैबेरियातून आलेली काळी ब्रेंट बदकं शेकड्याने दिसतील, ती इथलं समुद्रगवत खायला येतात.

बसायला बाक आहेत, अर्ध्या वाटेवर आडोसेही आहेत. पण वारा. वाऱ्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी पहिल्यांदा जाणारा ऐकत नाही. किनाऱ्यावर लोक आइसक्रीम खात हाफ पँटीत फिरत असतात आणि टोकाला तुमचे दात वाजतात. जुलैमध्ये पण विंडचीटर, आणि आई-सासूबाईंसाठी कानाला बांधायला स्कार्फ. साडी नेसून नेणार असाल तर आधी सांगून ठेवा, पदराला दोन पिना जास्त लावा. टोपी चिखलात गेली की गेली.

ह्या पिअरची कुंडली मात्र कोणीतरी बघायला हवी होती. साडेसाती संपतच नाही. १९५९ मध्ये किनाऱ्याकडच्या टोकाचं पॅव्हिलियन जळलं. १९७६ मध्ये समुद्रातलं टोक जळलं. १९७७ मध्ये परत आग, ह्या वेळी बोलिंगचा हॉल. १९८० मध्ये कौन्सिल म्हणाली बंदच करतो आता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. १९८६ च्या मे महिन्यात थाटामाटात नवी रेल्वे सुरू केली आणि दोन महिने होत नाहीत तोच जूनमध्ये किंग्जअॅबी नावाचं जहाज धक्क्यातून आरपार गेलं, मधला तुकडाच उडाला, शेवटाकडचा भाग बेटासारखा एकटा. मग २००५ मध्ये पुन्हा टोकाला आग. आणि गंमत बघा, दुसऱ्या महायुद्धात नौदलाने पिअर ताब्यात घेतला होता, जहाजांचे तीन हजारांहून जास्त ताफे इथून मार्गी लावले, तेव्हा जर्मनांना जे जमलं नाही ते पुढे शॉर्टसर्किट-बिडी आणि एका झोपाळू जहाजाने केलं असं आमच्याकडचे म्हणतात, कारणं काय होती ते सोडा.

टोकाला कॅफे आहे, टॉयलेट आहे, बसायला भरपूर जागा आहे, आणि आरएनएलआयचं लाइफबोट स्टेशन आहे. आरएनएलआय ही समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी संस्था, देणग्यांवर चालते, बोटीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. तिथल्या डब्यात दोन पाउंड टाका. समोर पलीकडे दिसतो तो केंटचा किनारा. मधून मोठमोठी कंटेनर जहाजं लंडन गेटवे बंदराकडे जात असतात, मुलांना ती मोजायला लावा, अर्धा तास शांतता. हवा स्वच्छ असेल तर दक्षिण-पूर्वेला शीअरनेसच्या बाजूला पाण्यातून वर आलेल्या डोलकाठ्या दिसतात का बघा, दुर्बीण असेल तर उत्तम. ते रिचर्ड माँटगोमेरी नावाचं अमेरिकन जहाज, ऑगस्ट १९४४ मध्ये तिथे रुतून बुडालं, पोटात अजून साधारण १४०० टन स्फोटकं आहेत. काढायला गेलं तर फुटेल की काय आणि ठेवलं तर कधी फुटेल ही चिंता, असं ऐंशी वर्षं चाललंय. सरकारी फाइल अशी इथेही पडून राहते हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं.

डबा तिथेच खा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि संकष्टीवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी नेतो. फक्त एक, उघडा डबा हातात धरून फिरायचं नाही. इथले सीगल म्हणजे आपल्याकडच्या देवळाबाहेरच्या माकडांचे भाऊ, मागून येतात, आवाज येत नाही, आणि हातातला घास घेऊन जातात. नवऱ्याच्या हातातली दशमी गेली तेव्हा आई म्हणाली "जाऊ दे, काकस्पर्श झाला." भिंतीला किंवा आडोशाला पाठ लावून बसलं की सहसा येत नाहीत.

आणि संकष्टी खरंच करणार असाल तर चंद्रोदय मुंबईच्या कालनिर्णयातला धरू नका, लंडनचा बघा, उन्हाळ्यात तो फार उशिरा असतो, त्यामुळे घरी पोचून आरामात मोदक करायला वेळ मिळतो. उपास झेपत नसेल तर सरळ विनायकी निवडा.

परत आलात की पिअरच्या दोन्ही बाजूंना ॲडव्हेंचर आयलंड आहे, पाळणे, रोलरकोस्टर वगैरे. आत जायला पैसे नाहीत, प्रत्येक राइडचे वेगळे किंवा दिवसभराचा पट्टा. ह्यात मुलांचा अख्खा दिवस जाऊ शकतो, त्यामुळे आधीच ठरवा की तुम्ही समुद्र बघायला आलायत की पाळण्यात बसायला, दोन्ही एका दिवसात नीट होत नाही. पूर्वेकडे रस्त्याच्या कडेने व्हिडिओ गेमचे हॉल, नाण्यांची मशिनं, कॉटन कँडी, भडक दिवे. जरा पुढे कुर्साल नावाची जुनी घुमटवाली इमारत आहे, १९०१ ची, बाहेरून बघून घ्या. नाण्यांच्या मशिनमध्ये मी पाच पाउंडांची नाणी घालून एक प्लास्टिकची किल्लीची रिंग जिंकलीय, ह्याहून जास्त मला त्याबद्दल बोलायचं नाही.

चिप्स खायच्याच असतील, आणि खाव्यातच, गरम, वरून मीठ आणि व्हिनेगर, तर दुकानात आधी एक प्रश्न विचारा. तळण कशाचं आहे? काही ठिकाणी वनस्पती तेल असतं, काही ठिकाणी गाईची चरबी असते, बीफ ड्रिपिंग म्हणतात. बटाटाच तर आहे म्हणून आपण बिनधास्त घेतो. तेल वेगळं असलं तरी मासे त्याच कढईत तळलेत का हेही शाकाहारी मंडळींनी विचारावं, लोक नीट सांगतात, रागावत नाहीत. आइसक्रीमला इथलं जुनं नाव रॉसी, १९३२ पासूनचं, साधं पांढरं व्हॅनिला घ्या.

आता चिखलाचं. ओहोटीला किनाऱ्याजवळ पोरं, कुत्री, सगळे चिखलात फिरत असतात, तुम्हालाही जावंसं वाटेल. जवळपास फिरा, काही हरकत नाही, जुने बूट घाला कारण शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. पण लांब जाऊ नका. थॉर्प बेच्या समोर पाण्यात काँक्रीटचा एक मोठा तुटका ठोकळा दिसतो, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीसाठी बांधलेल्या मलबरी बंदराचा तो एक तुकडा, गळती लागली म्हणून इथे वाळूवर आणून सोडला तो कायमचाच. ओहोटीला लोक तिथपर्यंत चालत जातात आणि अडकतात. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन, फोटो काढत बसून, भरतीत अडकणारे पर्यटक ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय वेगळं सांगू. फरक इतकाच की किल्ल्यात उंचावर बसून पुढच्या ओहोटीची वाट बघता येते आणि होडीवालाही मिळतो, इथे तो ठोकळा सोडला तर बसायला काही नाही. आणि पाणी समोरून लाटा करत येत नाही, ते मघाशी पिअरवरून बघितलेले ओहोळ आधी भरतात, म्हणजे तुम्ही पुढे समुद्राकडे बघत असता आणि तुमच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, पाणी झालेलं असतं. कोणी अडकलेलं दिसलं तर स्वतः धावू नका, ९९९ लावून कोस्टगार्ड म्हणा. चिखलावर बोट चालत नाही म्हणून इथल्या लाइफबोटवाल्यांकडे हॉवरक्राफ्ट आहे, ह्यावरूनच समजा किती वेळा वेळ येत असेल.

तीन-साडेतीनला साउथएंड सोडा. हे मुद्दाम सांगतेय कारण बहुतेक लोक संध्याकाळपर्यंत त्याच पाळण्यांच्या आवाजात बसून राहतात आणि शेजारचं मच्छीमारांचं ली-ऑन-सी त्यांचं राहून जातं. सेंट्रलवरून परतीच्या दिशेने तीनच स्टेशनं. मध्ये उतरून परत बसता येईल ना, ते तिकीट काढतानाच खिडकीवर विचारून ठेवा. पायात दम असेल तर पिअरपासून किनाऱ्याच्या भिंतीवरून चालतही जाता येतं, तास-सव्वातास, सपाट रस्ता, बाजूने ट्रेन धावत असते. ली स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटांत जुनं ली, एकच चिंचोळी दगडी गल्ली, एका बाजूला लाकडी घरं आणि पब, दुसऱ्या बाजूला धक्का, जाळी, दोर, आणि तो वास. तो वास आला की आई पहिल्यांदा हसली त्या दिवशी. आमच्या वरसोलीचा वास, म्हणाली.

इथे कॉकल मिळतात, आपल्या तिसऱ्यांच्या चुलत बहिणी. इथल्या होड्या अजून त्या पकडतात, गल्लीच्या टोकाला उकडायच्या शेड आहेत. छोट्या वाडग्यात उकडलेल्या, गार, वर व्हिनेगर आणि मिरपूड. खरं सांगायचं तर आपल्या जिभेला ते अर्धवट लागतं. आईने दोन खाल्ल्या, तिसरी हातात धरून विचार केला आणि म्हणाली, ह्याला कांदा, खोबरं आणि तिरफळ पाहिजे होतं, मालक बरा माणूस दिसतो, कोणी सांगितलं नसेल त्याला. कच्च्या मिळाल्या तर घरी नेऊन करा. ह्याच कॉकलच्या होड्यांपैकी सहा होड्या १९४० मध्ये डंकर्कला सैनिक आणायला गेल्या होत्या, रिनाउन नावाची एक परतताना सुरुंगावर आदळली, त्यावरचे सगळे गेले. चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे.

साडेचारच्या सुमाराला धक्क्यावर येऊन बसा. सकाळी ट्रेनमधून ज्या होड्या आडव्या पडलेल्या बघितल्या त्या आता उभ्या राहून डुलत असतात, पोरं धक्क्यावरून उड्या मारत असतात, पाणी भिंतीच्या वरच्या दगडांना लागलेलं असतं.

पाऊस लागला तर? थोडासा असेल तर पिअरची ट्रेन आणि टोकाचा कॅफे. फारच असेल तर साउथएंड व्हिक्टोरिया स्टेशनजवळच्या सेंट्रल म्युझियममध्ये जा, २००३ मध्ये प्रिटलवेलला रस्ता रुंद करण्याआधी खोदून बघितलं तर सहाव्या शतकाच्या शेवटाच्या एका सरदाराची दफनाची अख्खी खोली सापडली, सोन्याच्या पत्र्याचे छोटे क्रॉस, काचेची भांडी, तांब्याचं भांडं भिंतीवरच्या खुंटीला जसंच्या तसं लटकलेलं. ते सगळं तिथे मांडलंय. म्युझियमचे बंद असण्याचे वार असतात, ते तेवढे बघून जा.

निघताना चिखलाचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. पँटला लागलेला चिखल ओला असताना घासू नका, पसरतो, घरी जाऊन रात्रभर वाळू द्या आणि सकाळी झटका, भुगा होऊन पडतो. आणि परतीच्या ट्रेनमध्ये ह्या वेळी डाव्या हाताची खिडकी.